लिओ फेंडर : गिटार न वाजवणारा गिटारवाला

इलेक्ट्रिक गिटारचा एक आवाज तुम्ही हजार वेळा ऐकलेला आहे, फक्त त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल. स्वच्छ, किंचित काचेसारखा, तार छेडली की आधी टणकन आणि मग मागून गोड. त्याला सिंगल कॉइलचा टोन म्हणतात. गॅदरिंगच्या बँडमध्ये लीड वाजवणारा प्रत्येक जण याच टोनच्या मागे असतो. आणि हॉस्टेलमध्ये मेस संपल्यावर एक वाद हमखास रंगतो. हा टोन लाख-दीड लाखाच्या फेंडरमधूनच येतो, की आपल्या सात-आठ हजारांच्या गिटारमधूनपण काढता येतो?

या वादात फेंडर हे नाव शंभर वेळा येतं, पण फेंडर नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. तो माणूस समजला की वाद निम्मा मिटतो असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

दोन गोष्टी आधीच सांगते. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी लिहिताना मध्ये मध्ये इंग्रजी शब्द घुसणार. ते सगळे काढले तर गिटारचा एकही पार्ट जागेवर राहणार नाही, तेव्हा संपादकांनी सांभाळून घ्यावं. दुसरं म्हणजे, एवढ्या मोठ्या माणसाला मी एकेरीत लिहिणार आहे. लिओला अहो-जाहो केलं की तो सोल्डरिंग गन खाली ठेवून खुर्चीत बसल्यासारखा वाटतो, आणि तसा तो आयुष्यात फारसा बसलाच नाही.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर, म्हणजेच लिओ, १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जन्मला. अॅनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्याला ट्यूमर झाला आणि तो डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसला तो कायमचाच. लहानपणी तो थोडा पियानो शिकला, मग सॅक्सोफोन वाजवला. गिटार मात्र नाही. पुढे सगळ्या जगाला गिटारी विकल्या, तरी त्याला ती वाजवता आली नाही. साधी ट्यून करतासुद्धा यायची नाही! हे मी कौतुकानं सांगते आहे, कारण याचा उपयोग पुढे कसा झाला ते बघण्यासारखं आहे.

१९२२ साली, म्हणजे लिओ तेरा वर्षांचा असताना, त्याच्या एका काकांनी त्याला खोकाभर जुने रेडिओचे पार्ट आणि एक बॅटरी पाठवली. या जॉन वेस्ट काकांचं सांता मारिया गावात मोटारींच्या इलेक्ट्रिकल कामाचं दुकान होतं. पुढच्या वर्षी लिओ तिथे गेला. काकांनी सुट्या भागांतून एक रेडिओ बनवून दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला होता आणि त्यातून मोठ्यानं संगीत चालू होतं. तो दणदणीत आवाज पोराच्या डोक्यात जो बसला तो शेवटपर्यंत निघाला नाही. घरी आल्यावर त्यानं रेडिओ उघडायला, जोडायला, दुरुस्त करायला सुरुवात केली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, आता हा इंजिनीअरिंगला जाणार. नाही! १९२८ मध्ये शाळा संपवून तो फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात गेला आणि विषय घेतला अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्यानं केला नाही. कॉलेजनंतर एका बर्फाच्या आणि शीतगृहाच्या कंपनीत आधी डिलिव्हरीचं आणि मग हिशेबाचं काम केलं. त्याच सुमाराला एका बँडवाल्यानं त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी पीए सिस्टिम बनवून घेतली. १९३४ मध्ये एस्थर नावाच्या मुलीशी लग्न झालं. मग राज्याच्या रस्ते खात्यात अकाउंटंट म्हणून नोकरी. हा काळ अमेरिकेतल्या महामंदीचा. खात्यातली नोकरी गेली. एका टायर कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागला, सहा महिन्यांत तीपण गेली.

शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यानं फुलर्टनमध्ये स्वतःचं दुकान टाकलं, फेंडर रेडिओ सर्व्हिस. वय एकोणतीस, शिक्षण हिशेबाचं, भांडवल उसनं. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूला हा माणूस आला असता तर अॅप्टिट्यूडच्या आधी एलिजिबिलिटीलाच बाद झाला असता.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाबद्दल मला थोडं जास्त लिहावंसं वाटतं. माझा मामा वीस-बावीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होता. आमच्या नात्यात त्याची ओळख करून देताना नेहमी मध्ये एक नुसता हा शब्द असतो. नुसता मेकॅनिक आहे. मी ई अँड टीसीला अॅडमिशन घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि ते पेढे मामानंच आणले होते. चार ट्रान्झिस्टरच्या सर्किटचं पाठ केलेलं उत्तर मला व्हायव्हात देता येतं. मामा मात्र तेच सर्किट नुसतं बोट लावून, खरखर ऐकून कुठे मेलंय ते सांगतो. असं दुकान चालवणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते, ती म्हणजे वस्तू कुठे मोडते. कंपनीतल्या डिझाइनरला वस्तू नवी असतानाची माहीत असते. दुरुस्तीवाल्याला ती पाच वर्षांनंतरची माहीत असते. लिओचं शिक्षण झालं ते या शाळेत.

त्याच्या दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेयर यायचे, आणि गावोगावच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारे लोक आपले अॅम्प्लिफायर आणि गिटारी घेऊन यायचे. तेव्हाच्या इलेक्ट्रिक गिटारी बहुतेक पोकळ लाकडी पेटीच्या. बँड मोठा, हॉल मोठा, म्हणून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पेटीत शिरून ती घुमायला लागायची आणि फीडबॅकची किंचाळी निघायची. शिवाय नेक वाकडी झाली की ती खोबणीत सरसानं चिकटवलेली, म्हणजे दुरुस्ती कारागिराकडेच आणि खर्च मोठा. लिओ हे सगळं दुकानात उभं राहून ऐकत होता.

दुसऱ्या महायुद्धात एका डोळ्यामुळे त्याला सैन्यात जावं लागलं नाही. त्या दिवसांत त्याची गाठ डॉक कॉफमन या माणसाशी पडली. कॉफमन स्वतः मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटार वाजवायचा आणि रिकनबॅकर कंपनीत काम केलेला होता. दोघांनी मिळून रेकॉर्ड आपोआप बदलणारं एक यंत्र बनवलं, ते विकलं आणि आलेल्या पैशांतून के अँड एफ नावाचा छोटा धंदा सुरू केला. १९४३ मध्ये त्यांनी पिकअप टेस्ट करायला एक ओबडधोबड लाकडी गिटार बनवली होती. ती केवळ टेस्ट जिग होती, पण आसपासचे वादक ती कार्यक्रमाला मागून न्यायला लागले. एका सलग लाकडावर बसवलेला पिकअप किती स्वच्छ वाजतो याचं उत्तर लिओला तिथेच मिळालं. १९४६ मध्ये धंदा वाढवण्याची धास्ती घेऊन कॉफमन बाहेर पडला. लिओ राहिला, आणि त्याची कंपनी फेंडर या नावानं चालू लागली.

१९५० मध्ये त्यानं जी गिटार बाजारात आणली ती बघून जुने गिटार बनवणारे हसले असतील. सलग लाकडाची एक फळी, कोपरे गोल केलेले. मेपलची नेक, आणि ती चार स्क्रूंनी जोडलेली! खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. पिकअप आणि वायरिंग प्लेटवर बसवलेलं, म्हणजे वरून उघडता येतं. घन लाकडाची इलेक्ट्रिक गिटार त्याच्या आधी इतरांनीही बनवली होती, पण कारखान्यात मोठ्या संख्येनं निघेल आणि साध्या वादकाला परवडेल अशी ती पहिल्यांदा लिओनं केली.

तिच्या नावाची गंमत ऐका. दोन पिकअपच्या मॉडेलचं नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे याच उच्चाराचे ड्रम आधीपासून होते, त्यांनी हरकत घेतली. लिओच्या कारखान्यात नावाचे स्टिकर छापून पडले होते. फेकायचे कशाला? त्यातला ब्रॉडकास्टर हा शब्द कापून टाकला आणि नुसतं फेंडर लिहिलेलं चिकटवून गिटारी पाठवल्या. १९५१ मध्ये तिचं नाव टेलिकास्टर झालं. आज त्या मधल्या बिननावाच्या गिटारी संग्राहक लाखो रुपये मोजून घेतात. स्टिकर वाचवणारा अकाउंटंट मात्र गालातल्या गालात हसला असता.

आता मुद्द्याची गोष्ट, तो टोन. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे काय, तर सहा छोटे मॅग्नेट आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली एक कॉइल. वर स्टीलची तार हलली की फ्लक्स बदलतो, फ्लक्स बदलला की ईएमएफ तयार होतो. आपण फॅरडेचा नियम पाच मार्कांसाठी लिहितो, लिओनं त्याच्यावर कंपनी उभी केली. त्याच्या गिटारींच्या पिकअपमध्ये अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रणाचे मॅग्नेट असायचे. तांब्याची तार ०.०६३ मिलिमीटर, साधारण आपल्या केसाच्या जाडीची, आणि वेढे आठ हजारांच्या आसपास. मल्टिमीटर लावला तर साधारण साडेपाच ते सहा किलो-ओहम दिसतो.

पण नुसता रेझिस्टन्स बघून काही कळत नाही. कॉइलला इंडक्टन्स आहे, केबलला कपॅसिटन्स आहे, म्हणजे झालं की आपलं एलसी सर्किट! इंडक्टन्स २.२ हेन्री धरा. लहान केबल आणि कॉइलची स्वतःची मिळून ५०० पिकोफॅरड धरा. रेझोनन्सचा फॉर्म्युला लावा, ४.८ किलोहर्ट्झच्या जवळपास उत्तर येतं. आता केबल लांब आणि स्वस्तातली घेतली, कपॅसिटन्स १००० झाला, तर तेच उत्तर ३.४ किलोहर्ट्झवर येतं. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे ज्याला आपण काचेसारखा आवाज म्हणतो तो त्या रेझोनन्सच्या उंचवट्यातून येतो, आणि तो उंचवटा कुठे बसणार हे ठरवण्यात शे-दोनशे रुपयांच्या केबलचाही वाटा आहे. कुठल्या जंगलातलं लाकूड वगैरे गोष्टी नंतर.

सिंगल कॉइलचा एक जन्मजात दोष आहे, गुणगुण. कॉइल म्हणजे एक प्रकारचा अँटेनाच. मेन्सची गुणगुण ती उचलते, अमेरिकेत ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनीअरनं १९५५ मध्ये दोन कॉइल उलट्या जोडून ती मारली, तो हंबकर. गुणगुण गेली, आवाज जाड झाला, पण ती काच थोडी कमी झाली. टोन हवा तर दोष सांभाळून घ्यायचा, असा तो व्यवहार आहे.

१९५४ मध्ये लिओच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर आली. तीन पिकअप, अंगाला टोचू नये म्हणून मागून-पुढून तासलेली बॉडी, आणि सूर खालीवर करायचा दांडा. किंमत दांड्यासकट २४९ डॉलर ५० सेंट. ती एकट्या लिओची नाही. फ्रेडी टवारेस ड्रॉइंगवर बसला, जॉर्ज फुलर्टन कारखान्यात होता, आणि बिल कार्सनसारखे वादक रात्री कार्यक्रमात प्रोटोटाइप वाजवून सकाळी तक्रारी घेऊन यायचे. लिओला स्वतःला वाजवता येत नव्हतं याचा फायदा इथे झाला. स्वतःचा हात चांगला असता तर स्वतःच्या आवडीची गिटार केली असती. हात नव्हता म्हणून दुसऱ्याचं ऐकावं लागलं, आणि ऐकून घेण्यात तो पक्का होता.

दांड्याची पहिली रचना तयार झाली, त्याची टूलिंगही झाली. वाजवून बघितल्यावर लक्षात आलं की गिटारचा आवाज पातळ होतोय, तार फार काळ घुमत नाही. लिओनं ती सगळी टूलिंग टाकून दिली आणि नव्यानं डिझाइन केलं. स्टिकर कापून वापरणारा माणूस इथे मात्र पैसा वाचवत बसला नाही. काय स्वस्तात करायचं आणि कशात तडजोड करायची नाही, ही यादी त्याच्या डोक्यात स्वच्छ होती. मला वाटतं इंजिनीअरिंगचा अर्धा अभ्यासक्रम ही यादी करण्याचाच असायला हवा.

त्याचं सगळंच बरोबर आलं असंही नाही. स्ट्रॅटचा स्विच तीन जागांचा होता, म्हणजे एका वेळी एकच पिकअप. वादकांनी शोधून काढलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळाच, पोकळ गोड आवाज येतो. आज स्ट्रॅटचा म्हणून जो आवाज ओळखला जातो त्यातला मोठा भाग हा वादकांनी काडी घालून काढलेला आहे. पाच जागांचा स्विच कंपनीनं दिला तो १९७७ मध्ये, तेव्हा लिओ तिथे नव्हता.

एक गोष्ट हॉस्टेलकरांनी खास लक्षात ठेवावी. १९५६ मध्ये लिओच्या कंपनीनं म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या दोन गिटारी काढल्या, त्या मुद्दाम शिकणाऱ्या मुलांसाठी, लहान आकाराच्या आणि कमी किमतीच्या. पिकअप तिथेही सिंगल कॉइलच. म्हणजे कमी पैशांची फेंडर ही काही नंतरच्या मालकांनी केलेली भेसळ नाही, खुद्द लिओच्या काळातली गोष्ट आहे.

पुढची गोष्ट थोडी उदास आहे. लिओला सायनसचं जुनाट इन्फेक्शन होतं. प्रकृती खालावत गेली, आपण फार जगणार नाही असं त्याला वाटायला लागलं, आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यानं कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. काही वर्षांनी डॉक्टर बदलला आणि इन्फेक्शन बरं झालं! कंपनी गेली ती गेलीच. सीबीएसच्या काळात दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली आणि १९६५ च्या आधीच्या गिटारींना सोन्याचा भाव आला. साध्या माणसाला परवडावी म्हणून केलेली वस्तू काचेच्या कपाटात जाऊन बसली. लाखाशिवाय टोन नाही ही समजूत तिथून पसरत आली असावी. कंपनीनं स्वतः १९८२ मध्ये स्क्वायर या नावानं जपानमध्ये स्वस्त गिटारी बनवायला घेतल्या, तेव्हा त्या इतक्या चांगल्या निघाल्या की आज त्यांनाही संग्राहक शोधत फिरतात.

लिओ बरा झाल्यावर घरी बसला का? करारामुळे काही वर्षं त्याला उघडपणे गिटारच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. मुदत संपल्यावर तो म्युझिक मॅन कंपनीचा प्रमुख झाला, आणि १९७६ मध्ये त्यांचा स्टिंगरे बास आला. १९७९ मध्ये एस्थर गेली. पुढच्या वर्षी त्यानं फिलिसशी लग्न केलं, आणि जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल कंपनी काढली, जॉर्ज आणि लिओ. तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

जी अँड एलमधली एक गोष्ट आमच्या रूममधल्या वादाला फार उपयोगी पडली. आपल्याकडच्या स्वस्त गिटारच्या पिकअपमध्ये बहुतेकदा अल्निकोच्या कांड्या नसतात. साध्या स्टीलचे पोल असतात आणि खाली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी चिकटवलेली असते. सिरॅमिक म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. पण लिओनं म्हातारपणी जो नवा पिकअप डिझाइन केला त्यात सिरॅमिक मॅग्नेटच वापरला, वर स्क्रूनं खालीवर होणारे लोखंडी पोल दिले, आणि जी अँड एलच्या गिटारी आपल्या आधीच्या गिटारींपेक्षा चांगल्या आहेत असं तो मानायचा. आवाज जुन्यासारखा नव्हता, तो करायचाही नव्हता. म्हणजे सिरॅमिक हा शब्द शिवी नाही. तो कसा वापरला हा प्रश्न आहे.

मग आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. आमच्या मजल्यावर पाच जणींनी वर्गणी काढून घेतलेली एक स्ट्रॅटसारखी गिटार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आवाज कर्कश, मधूनच दबका, आणि गुणगुण भरपूर. विकून दुसरी घ्यावी असं चाललं होतं. त्याआधी ती उघडली.

पहिलं काम, पिकअपची उंची. ते तारांना अगदी खेटून बसवलेले होते. लिओच्या पद्धतीच्या पिकअपला शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर चांगलं समजतात. आम्ही तिथून सुरुवात करून कानानं खालीवर केलं. खर्च शून्य, फरक सगळ्यात मोठा. दुसरं, स्ट्रॅटच्या जुन्या वायरिंगमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो, म्हणून तो टोचतो. स्विचवर इंचभर वायरचा एक जंपर सोल्डर केला की नॉब त्यालाही लागू होतो. तिसरं, आतल्या पोकळीत तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंड केली. चर्र करणारा बझ बराच गेला. मॅग्नेटिक गुणगुण फॉइलनं जात नाही, ती जाणार नव्हतीच. पण आमच्या गिटारचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला निघाला, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुणसुद्धा जवळजवळ नाहीशी होते. ही सोय लिओच्या १९५४ च्या स्ट्रॅटमध्ये नव्हती बरं का! चौथं, पॉट २५० किलो-ओहमचे आहेत ना ते मोजलं, आणि सहा मीटरची केबल काढून तीन मीटरची लावली. टोनचा कपॅसिटर महागातला घ्या असं बरेच जण सांगतात, पण नॉब पूर्ण उघडा असताना त्याचा फरक जवळपास ऐकूच येत नाही. ते पैसे आम्ही नव्या तारांना लावले.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण गिटार सरळ होम थिएटरच्या नाहीतर कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये खुपसतात. तिथला इनपुट इम्पीडन्स काही दहा किलो-ओहम, आणि आपल्या पिकअपला हवा एक मेगा-ओहमच्या घरातला. सगळी काच तिथेच मरते. लिओ आधी अॅम्प्लिफायर बनवायचा, गिटारी नंतर आल्या. गिटार, केबल आणि अॅम्प हे त्याच्यासाठी एकच सर्किट होतं. आम्ही एक टीएल०७२, चार रेझिस्टर आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन छोटा बफर बनवला. लॅबमधल्या ऑप-अॅम्पचा हा पहिला उपयोग, ज्यातून ग्राफऐवजी गाणं निघालं.

सगळा खर्च हजाराच्या आत. गिटारची लाखाची फेंडर झाली का? नाही. खुंट्या अजून सुटतात, तासाभरानं ट्यूनिंग हलतं. पण स्विच चौथ्या जागेवर ठेवून, गेन कमी करून एक स्वच्छ कॉर्ड मारला की शेजारच्या विंगमधली मुलगी दार उघडून बघते. सुट्टीत मी ते सर्किट मामाला दाखवलं. त्यानं बोर्ड उलटा करून एक कोल्ड सोल्डर जॉइंट दाखवला आणि तो स्वतः पक्का करून दिला. पिकअपबद्दल त्यानं जेवढे प्रश्न विचारले तेवढे मला कुठल्याही व्हायव्हात आलेले नाहीत. आता कुणाशी त्याची ओळख करून देताना तो नुसता हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

लिओला पुढे पार्किन्सन झाला, छोटे छोटे स्ट्रोक येऊन गेले, तरी तो जी अँड एलच्या कारखान्यात आपल्या टेबलावर काम करत राहिला. २१ मार्च १९९१ ला तो गेला. पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं, एकही सूर न वाजवता. त्याचं कामाचं टेबल त्या कारखान्यात तसंच जपून ठेवलं गेलं.

आपण सगळे वर्ष-दोन वर्षांत इंजिनीअर होणार. बहुतेकांना सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या लागतील, त्यात काही वाईट नाही. पण डिग्री हातात असणं आणि वस्तू कुठे मोडते हे माहीत असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लिओकडे पहिली नव्हती, दुसरी भरपूर होती. आपल्याला पहिली मिळतेच आहे, दुसरी कुणी देणार नाही, ती उघडून बघावी लागते. तेव्हा गिटारचा टोन आवडत नसेल तर दुकानात जायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या. आमच्या मजल्यावर आहे, मागून न्या, फक्त परत आणून द्या!